कर्टोलीचा ‘वांझ’ वेल

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली कीं, पंधरा-वीस दिवसांत शेताच्या कुंपणांत, बांधाच्या कडेस आणि रानाच्या तोंडाशीं एक नाजूक वेल जमिनींतून डोकें वर काढतो. दिवाळीनंतर तो वाळून गेलेला असतो. उन्हाळ्यांत त्याचा मागमूसहि राहत नाहीं. तरी पावसाबरोबर तो आपल्या जुन्याच जागीं पुन्हा उभा राहतो. आषाढांत त्यास पिवळीं फुलें येतात व श्रावणांत मऊ कांट्यांचीं, हिरवीं, लहान अंड्याच्या आकाराचीं फळें बाजारांत दिसूं लागतात. हीच आपली कर्टोली. हिला कोणी पेरीत नाहीं, पाणी देत नाहीं, खत घालीत नाहीं. असें असून हिचीं फळें शहराच्या बाजारांत मशागतीच्या कारल्याहून चढ्या भावानें विकलीं जातात.

हा भाव पाहून अलीकडे पुष्कळ शेतकरी बंधूंनीं आपल्या कुंपणांतील वेलांकडे लक्ष देण्यास आरंभ केला आहे, व कांहींनीं रानांतून कंद आणून मांडवावर वेल चढविले आहेत. परंतु त्यांपैकीं अनेकांची एकच तक्रार ऐकूं येते, कीं वेल जोमदार वाढतो, फुलेंहि भरपूर येतात, पण फळ धरत नाहीं. या तक्रारीचें कारण बहुधा जमिनींत नसतें, खतांत नसतें किंवा पावसांतहि नसतें. तें आपल्या समजुतींत असतें. तें कोणतें, हें सांगणें हाच या पाठाचा मुख्य हेतु आहे. लागवडीची माहिती त्याच्या अनुरोधानें पुढें दिली आहे.

नांवें व कूळ.— देशावर या वेलास कर्टोली किंवा करटुलें म्हणतात. कोंकणांत कंटोली हें नांव रूढ आहे. विदर्भांत काटवल, तर गोमंतकांत फागलां. गुजराथेंत कंकोडा, हिंदी मुलखांत ककोडा, आणि संस्कृत ग्रंथांत कर्कोटकी. हा वेल काकडी-भोपळ्याच्या कुळांतील असून कारल्याचा सख्खा भाऊबंद आहे. म्हणूनच कांहीं भागांत त्यास रानकारलें असेंहि म्हणतात. शास्त्रांत त्याचें नांव मोमोर्डिका डायोइका. हें नांव कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनीं योजिलेलें असून विल्डेनो या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें तें १८०५ सालीं ग्रंथांत प्रसिद्ध केलें. ‘डायोइका’ या शब्दाचा अर्थ ‘दोन घरांचा’ असा आहे. ज्या जातींत नरफुलें एका झाडावर व मादीफुलें दुसऱ्या झाडावर येतात, त्या जातीस हें विशेषण लावण्याचा प्रघात आहे. आमच्या पाठाचें सारें सार या एका शब्दांत आलें आहे. पण तें आम्हांस ग्रंथ वाचून कळलें नाहीं, नुकसान सोसून कळलें. तो प्रकार येथें सांगणें उपयुक्त होईल.

आमची चूक.— आमच्या शेताच्या उत्तरेस निवडुंग, करवंद व घाणेरी यांचें जुनें कुंपण आहे. त्यांत कर्टोलीचे सतरा वेल होते. एका श्रावणांत आम्हीं ते मोजले, तेव्हां आठ वेलांस फळें होतीं व नऊ वेलांस एकहि नव्हतें. हे नऊ वेल वाढीनें तर अधिकच दांडगे होते, फुलांनीं पिवळे झाले होते. गांवांत अशा वेलास ‘वांझ कर्टोली’ म्हणतात. जागा अडवून बसणारा वांझ वेल कुंपणांत कशास हवा, असा विचार करून आम्हीं त्या नऊ वेलांस खुणेच्या चिंध्या बांधल्या आणि फाल्गुनांत त्यांचे कंद खणून काढले. औषधासाठीं कांहीं लोकांनीं ते आनंदानें नेले. राहिलेल्या आठ वेलांस आतां भरपूर जागा मिळेल व फळ दुप्पट येईल, अशी आमची खात्री होती.

पुढच्या आषाढांत आठहि वेल जोरानें वाढले व फुलले. प्रत्येक फुलामागें बोराएवढी कांटेरी गांठ दिसे. परंतु ती तीन-चार दिवसांत पिवळी पडे व गळून जाई. सबंध हंगामांत एक वेळच्या भाजीपुरतींहि फळें मिळालीं नाहींत. आम्हीं वेलांच्या मुळांशीं शेणखत घातलें, राख टाकली, शेवटीं कीड असेल म्हणून औषधहि मारलें. दुसऱ्या वर्षीं तीच गत झाली.

आमच्या कुंपणावर दर वर्षीं एक वृद्ध कातकरी बाई कर्टोलीं तोडावयास येत असत. त्यांना आम्ही आजी म्हणत असूं. त्या वर्षीं रिकामी टोपली घेऊन परत जातांना त्यांनीं ‘ते दुसरे वेल कुठं गेले’ म्हणून विचारिलें. ते वांझ होते म्हणून काढून टाकले, असें आम्हीं सांगतांच त्या हंसल्या आणि म्हणाल्या, “दादा, ते वांझ नव्हते, बाप्ये होते. बाप्ये काढून टाकलेत, आतां पोरं कुठून व्हायचीं?” त्यांनींच ओढ्याच्या कांठचा एक तसा वेल दाखविला. त्याचा कंद आम्हीं उन्हाळ्यांत आणून कुंपणाच्या मध्यावर लावला. तो फुलल्यावर त्याच श्रावणांत आठहि वेलांवर फळ धरलें. जवळच्या वेलांवर पुष्कळ, लांबच्यांवर कमी. खत व औषध यांवर खर्च केलेले दोन वर्षांचे पैसे वांचविण्यास एक वाक्य पुरेसें होतें. पण तें विचारण्याची बुद्धि आम्हांस झाली नव्हती.

फळ न धरण्याचें कारण.— काकडी, दुध्या, दोडका, कारलें यांच्या एकाच वेलावर नर व मादी अशीं दोन्ही फुलें येतात. म्हणून यांचा एकच वेल परसांत लावला तरी फळ मिळतें, आणि नर-मादीचा विचार करण्याची संवय आपणांस राहत नाहीं. कर्टोलीचें तसें नाहीं. तिचा नर वेल जन्मभर नरच राहतो व मादी वेल मादीच. नरफुलांतील पराग मादीफुलाच्या मुखावर पडला तरच फळ धरतें. तो न पडल्यास फुलामागील गांठ सुकून गळते.

पपईच्या बागेंत आपण हाच नियम पाळतों. लांब देठांवर फुलें लोंबणारीं नर झाडें आपण कमी करतों, पण सगळीं तोडीत नाहीं. उलट तोंडल्याचें उदाहरण पुष्कळांस फसवितें. तोंडलीचेहि नर व मादी वेल वेगळे असतात. परंतु लागवडीच्या तोंडलीचा मादी वेल बहुधा परागावांचूनहि फळ धरतो, त्यामुळें तोंडलीच्या मळ्यांत नर वेल सहसा ठेवीत नाहींत. तोंडलीचा मळा करणारा शेतकरी जेव्हां कर्टोलीकडे वळतो, तेव्हां तीच रीत येथें लावतो आणि ठकतो.

‘वांझ’ हें नांव आजचें नाहीं. जुन्या वैद्यकग्रंथांतहि फळ न देणाऱ्या कर्टोलीस वंध्याकर्कोटकी म्हटलें आहे व तिच्या कंदाचे औषधी गुण सांगितले आहेत. त्यामुळें एक विपरीत परिणाम असा होतो कीं, औषधासाठीं खणणारे लोक नेमके नर कंदच काढून नेतात, आणि शेतकरीहि ते निरुपयोगी समजून देऊन टाकतात. नर वेल नाहीसे झाले कीं मागें राहिलेल्या माद्या कांहीं वर्षें उगवतात, फुलतात व गळतात. नवीन बीं तयार होत नाहीं. आणि त्या कंदांचें आयुष्य संपलें म्हणजे त्या जागेवरून कर्टोलीचें नांव नाहीसें होतें. सबंध कुंपण उखडून टाकल्यानें जें होतें, तेंच नर वेल काढल्यानें हळू हळू होतें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. या कंदाचा उपयोग सर्पविषावर होतो अशी समजूत खेड्यापाड्यांत अद्यापि आहे. शेतकऱ्यास साप चावण्याचा प्रसंग पावसाळ्यांतच अधिक येतो. अशा वेळीं कंद उगाळण्यांत एक क्षणहि घालवूं नये. रोग्यास हलूं न देतां ताबडतोब सरकारी दवाखान्यांत न्यावें. सर्पविषावर प्रतिविषाच्या सुईवांचून दुसरा खात्रीचा उपाय नाहीं.

नर व मादी ओळखण्याची रीत.— पान, ताणा किंवा कंद पाहून नर-मादी निश्चित सांगतां येत नाहीं. फूल येईपर्यंत वाट पाहणें भाग आहे. फूल आलें म्हणजे मात्र लहान मुलासहि ओळख पटेल, इतकी ती सोपी आहे.

(१) नरफुलाचा देठ लांब व बारीक असतो. देठाच्या टोंकाशीं, फुलाच्या लगेच खालीं, एक पसरट हिरवें पान असतें. कळी असतांना हें पान तान्ह्या मुलाच्या कुंचीप्रमाणें तिला वेढून असतें. फुलामागें गांठ मुळींच नसते.

(२) मादीफुलाच्या मागें, पाकळ्यांच्या खालीं, मऊ कांट्यांनीं भरलेलें इवलेंसें कर्टोलें प्रथमपासूनच दिसतें. कुंचीसारखें पान येथें नसतें. असलेंच तर देठाच्या बुडाशीं अगदीं लहान असतें.

(३) नर वेल सामान्यतः आधीं फुलूं लागतो व त्यावर फुलेंहि अधिक येतात. म्हणून आषाढाच्या आरंभीं जो वेल पिवळ्या फुलांनीं भरला आहे, त्यास घाईनें वांझ ठरवूं नये. तो आपलें काम वेळेवर करीत आहे असें समजावें.

फुलें असतांनाच प्रत्येक वेलाच्या बुडाशीं एक खुंटी ठोकावी. नराच्या खुंटीस पांढरी व मादीच्या खुंटीस तांबडी खूण करावी. वेल वाळल्यावर जमिनीवर कांहीं उरत नाहीं, व खुंटी नसल्यास उन्हाळ्यांत आपलाच कंद आपणांस सांपडत नाहीं, किंवा सांपडला तर कोणता ते कळत नाहीं. या एका खुंटीवर पुढील वर्षाचें सारें पीक अवलंबून आहे.

बियांपासून कीं कंदापासून?— पिकलेलें कर्टोलें नारिंगी होऊन उलतें व त्यांतून लाल गरांत गुंडाळलेल्या बिया बाहेर पडतात. या बियांपासून रोपें होतात, परंतु लागवडीस ही रीत सोयीची नाहीं. एक तर बियांचें कवच कठीण असून त्या दीर्घकाळ निजून राहतात. उगवण उशिरा, थोडी व मागेंपुढें होते. दुसरें असें कीं, उगवलेल्या रोपांत साधारण निम्मे नर व निम्म्या माद्या निघतात, आणि तें फूल येईपर्यंत कळत नाहीं. दहा रोपें लावून पांच नर निघाले, तर त्यांपैकीं चार जागा अडवून बसतात. म्हणून ज्या वेलाचें लिंग व फळाचा गुण आपण पाहिला आहे, त्याचाच कंद लावावा.

कंद मोठा असल्यास त्याचे उभे तुकडे करतां येतात. मात्र प्रत्येक तुकड्यास वरच्या बाजूचा डोळा राहिला पाहिजे. कापलेल्या भागास राख लावून एक-दोन दिवस सावलींत सुकूं द्यावें. जोमदार मादीच्या वेलाचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे पावसाळ्यांत सावलीच्या जागीं वाळूमिश्रित मातींत लावल्यासहि मुळें धरतात. मूळ फुटण्याचें औषध लावल्यास यश अधिक येतें. या रीतीनें मूळ वेलास धक्का न लावतां चांगल्या जातीचा विस्तार करतां येतो.

सुधारलेल्या जातींपैकीं रायपूरच्या इंदिरा गांधी कृषि विश्वविद्यालयानें निवडलेली ‘इंदिरा कंकोडा–१’ ही जात प्रसिद्ध आहे. कंद विकत घेतांना एक सावधगिरी बाळगावी. बंगाल व आसामकडे काकरोल म्हणून जी भाजी पिकवितात, ती कर्टोलीची जवळची पण निराळी जात आहे. तिचें फळ पुष्कळ मोठें असतें, आणि तिचें फूल सकाळीं उमलतें. आपल्या कर्टोलीचें फूल सायंकाळीं उमलतें. यासाठीं मादी एका जातीची व नर दुसऱ्या जातीचा, असा संसार मांडूं नये. कंद देणाऱ्यास जात कोणती व नर-मादी कोणते, हे दोन्ही प्रश्न विचारावे. जो उत्तर देऊं शकत नाहीं त्याच्याकडून कंद घेऊं नयेत.

जमीन व लागवड.— कर्टोलीस पाऊस हवा, पण तुंबलेलें पाणी चालत नाहीं, कंद कुजतो. उतरणीची, मुरमाड किंवा मध्यम व निचऱ्याची जमीन उत्तम. कोंकणांतील व मावळांतील वरकस तुकडे, जेथें दुसरें पीक बेताचेंच येतें, ते या वेलास योग्य आहेत. भारी काळ्या जमिनींत लावावयाचें झाल्यास उंच वरंबे करून त्यांवर लावावें.

वैशाखांत दोन-दोन मीटर अंतरावर हातभर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावे आणि ते उन्हांत तापूं द्यावे. रोहिणी नक्षत्रांत प्रत्येक खड्ड्यांत दोन घमेलीं चांगलें कुजलेलें शेणखत मातींत मिसळून भरावें. कंद डोळा वर करून चार बोटें खोल ठेवावा व मातीनें झांकावा. पहिला पाऊस पडेपर्यंत हलकी ओल असावी. चिखल होऊं देऊं नये.

नर किती लावावे, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. आठ ते दहा माद्यांस एक नर पुरतो. लक्षांत ठेवण्याची सोपी रीत अशी: तीन ओळींत तीन-तीन असा नऊ खड्ड्यांचा चौक कल्पावा, मधल्या खड्ड्यांत नर लावावा व भोंवतालच्या आठांत माद्या. म्हणजे प्रत्येक मादी नराच्या शेजारीं येते. असे तीन चौक लागोपाठ मांडले कीं सहा मीटर रुंद व अठरा मीटर लांब जागा, म्हणजे गुंठ्याहून किंचित् अधिक, व्यापते. तींत २७ खड्डे होतात. त्यांपैकीं तीन नर व चोवीस माद्या. नवशिक्यानें याहून मोठा आरंभ करूं नये, असें आमचें मत आहे. एखादा नर कंद कुजला तर एक चौक निष्फळ होतो. यासाठीं दोन नर कंद कुंडींत किंवा कुंपणाकडेस राखीव ठेवावे.

वेल वर चढविल्यावांचून फळ चांगलें येत नाहीं. छातीइतका उंच मांडव किंवा तारेचा कठडा करून वेलास काठीच्या आधारानें वर घ्यावें. फार उंच मांडव केल्यास फळें पानांत दडतात व तोडणीस वेळ लागतो. एक-दोन खुरपण्या पुरेशा होतात. कंद बारमाही असल्यानें त्याच लागवडीपासून कांहीं वर्षें फळ मिळत राहतें. पहिल्या वर्षापेक्षां पुढील वर्षांत वेल अधिक भरतो. वेल वाळल्यावर ती जागा नांगरूं नये, व तेथें पाण्याचें हिंवाळी पीक घेऊं नये.

परागाचें काम.— कर्टोलीचीं फुलें दिवेलागणीच्या सुमारास उमलतात. त्यांस एक विशिष्ट वास असतो. त्या वासानें व रंगानें रात्रीं फिरणारे पतंग व इतर लहान कीटक येतात आणि नराचा पराग मादीकडे नेतात. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, फुलांच्या हंगामांत कीटकनाशक शक्यतो मारूंच नये, व सायंकाळीं तर कधींहि मारूं नये. आपण कीड समजून ज्यांस मारतों, त्यांत आपलें फळ घडविणारे मजूरहि असतात. दुसरी, लागवड घराजवळ व दिव्यांच्या झगझगाटांत असेल किंवा पाऊस सारखा लागून राहिला असेल, तर पतंगांवर विसंबूं नये; हातानें पराग द्यावा.

हातानें पराग देणें सोपें आहे. सायंकाळीं नुकतेंच उमललेलें नरफूल देठासकट तोडावें, त्याच्या पाकळ्या मागें वळवाव्या, व मधला परागाचा भाग मादीफुलाच्या मधल्या मुखावर हलकेच टेकवावा. एका नरफुलानें अनेक माद्यांचें काम होतें. फुलें पावसानें भिजलेलीं असतां पराग गोळा होतो व निरुपयोगी ठरतो. म्हणून उघडीप पाहून काम करावें. घरांतील मुलें हें काम आवडीनें करतात. ज्या गांठीस पराग मिळाला ती दोन-तीन दिवसांत हिरवीगार फुगूं लागते. न मिळालेली पिवळी पडते. दोन्ही गांठी शेजारीं-शेजारीं पाहिल्या म्हणजे या पाठाचा पुरावा प्रत्येकास आपल्या डोळ्यांनीं मिळेल.

कीड.— कर्टोलीचा मोठा शत्रु फळमाशी. ही माशी कोवळ्या फळांत अंडीं घालते व आंत अळ्या होऊन फळ सडतें. किडलेलीं व गळलेलीं फळें रोजच्या रोज वेंचून खोल पुरावीं. तीं वेलाखालीं तशींच टाकणें म्हणजे पुढच्या पिढीस पोसणें होय. भोपळवर्गीय पिकांच्या माशीसाठीं मिळणारे क्यू ल्यूरचे गंधसापळे मांडवांत टांगावे. ठिपक्यांचे भुंगेरे पानांची चाळण करतात. त्यांचीं पिवळीं अंडीं पानांच्या पाठीमागें पुंजक्यानें असतात, तीं पानासकट काढून नष्ट करावीं. मुळांवर गांठी करणारा सूत्रकृमि कंदाबरोबर येतो. यासाठीं गांठाळ किंवा मऊ पडलेला कंद लावूं नये.

तोडणी व विक्री.— फळ धरल्यापासून बारा ते पंधरा दिवसांत तें तोडणीस येतें. कांटे मऊ, रंग गर्द हिरवा व आंतील बीं कोंवळें असावें. बीं टणक झालें कीं भाजीची गोडी जाते, व फळ पिवळें पडूं लागलें कीं ग्राहक हात लावीत नाहीं. म्हणून दोन-तीन दिवसांआड तोडणी करावी, ती सकाळीं करावी, आणि माल हिरव्या पानांच्या थरांत ठेवून त्याच दिवशीं बाजारास पाठवावा. ही भाजी फार टिकत नाहीं. ज्यास रोजची गाडी किंवा जवळची बाजारपेठ नाहीं त्यानें लागवडीचा मोह आवरावा. मोठा भाव ऐकून एकरभर लागवड करणाऱ्यानें हेंहि ध्यानांत घ्यावें, कीं मांडवाचा खर्च, परागाचें काम व वारंवार तोडणी यांत मजुरी बरीच लागते.

कुंपण व रान.— आतां शेवटची, पण आमच्या मतें सर्वांत अगत्याची गोष्ट. मांडवावरची कर्टोली कितीहि वाढली तरी तिचें मूळ भांडार आपलीं कुंपणें व रानें हेंच आहे. चांगल्या फळाचे, रोगास न जुमानणारे, उशिरा किंवा लवकर येणारे वेल तेथेंच सांपडतात. आज जिवंत कुंपणें काढून तारेचीं कुंपणें होत आहेत. बांध यंत्रानें साफ होत आहेत. तणनाशकाचा फवारा बांधापर्यंत जात आहे. त्यांत भाव वाढल्यामुळें झाडावर एकहि फळ पिकण्यास राहत नाहीं, व कंदहि खणले जातात. याचा परिणाम प्रथम आपणांवर होत नाहीं. जी आदिवासी कुटुंबें श्रावणांत हींच फळें विकून मीठमिरची आणतात, त्यांच्या टोपलीवर तो आधीं होतो. वनहक्क कायदा २००६ यानें रानांतील कंदमुळें व इतर गौण वनोपज गोळा करण्याचा वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. जमीनदार शेतकऱ्यानें लागवडीसाठीं त्या रानांतून पोतीं भरून कंद आणणें हें शहाणपणाचेंहि नाहीं व न्यायाचेंहि नाहीं. कंद आपल्याच कुंपणांतून, व तोहि वाढवून, घ्यावा.

कुंपणासाठीं आमचे नियम थोडे आहेत व ते प्रत्येकास पाळतां येतील. फुलांच्या दिवसांत नर-मादीच्या खुंट्या ठोकाव्या. नर वेल कितीहि अधिक दिसले तरी कुंपणांतील नर खणूं नये. दर वेलावरचीं शेवटचीं चार-पांच फळें भाद्रपदांत पिकूं द्यावीं. लाल गर पाहून पांखरें येतात व बीं दूरवर जातें. जेथें वेल आहेत तेवढ्या कुंपणावर तणनाशक मारूं नये. आणि जे लोक पिढ्यान्पिढ्या हीं फळें तोडावयास येतात, त्यांस मज्जाव करूं नये. वेल कोणता, फळ कधीं तोडावें व कोणता कंद राखावा, हें ज्ञान त्यांच्यापाशीं आपल्याहून अधिक आहे. आमच्या कुंपणास फळ परत आलें तें त्यांच्याच एका शब्दानें.

आतां जेथें पूर्वीं नऊ वेल काढले होते, त्या जागीं चार नर वेल पुन्हा उभे आहेत. कांहीं आम्हीं लावले, कांहीं आपोआप आले. पावसाळ्यांत वाटेनें जाणारे लोक ते फुलांनीं भरलेले पाहतात व हे वांझ वेल कशास ठेवले म्हणून आम्हांस विचारतात. आम्ही त्यांस शेजारच्या वेलावरचीं फळें दाखवितों. ज्या सभासदांच्या कुंपणांत असे वेल असतील, त्यांनीं येत्या आषाढांत एक सायंकाळ तेथें घालवावी, नर व मादी मोजाव्या, आणि आपला अनुभव आम्हांस लिहून कळवावा. उपयुक्त पत्रें पुढील अंकांतून अवश्य प्रसिद्ध करूं.